मांडीवरचा डबा

आमच्या स्वयंपाकघरात "जेवलात का?" असं कुणालाही विचारायला बंदी आहे. बंदी मीच घातलेली आहे आणि ती मोडली की मी भडकते. मागच्या महिन्यात टाउनशिपमध्ये नव्यानंच बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याची बायको हौसेनं वाढायला आली. दारात एक म्हातारा घुटमळत होता. तिनं त्याला गोड आवाजात विचारलं, "बाबा, खाना हुआ?" तो म्हणाला, "हो गया बेटी," आणि चालू लागला. मी हातातला डाव पातेल्यात सोडून धावले. त्याला दंडाला धरून आत आणलं, बाकावर बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं, आणि मग त्या बाईकडे वळले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती बिचारी रडकुंडीला आली.

दुपारची भांडी आवरल्यावर मी तिला चहाला जवळ बसवलं आणि बंदीमागची हकीकत सांगितली. ऐकून ती म्हणाली, "मावशी, हे आधी सांगायचं ना." बरोबर होतं तिचं. दर नव्या माणसावर ओरडून मग सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून बसले आहे.

स्वयंपाकघर म्हणजे काय, तर भोपाळमधल्या आमच्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमधलं एक गॅरेज. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर जो मोठा क्वार्टर आहे, त्याला लागून. त्या क्वार्टरमध्ये पुण्याचं एक कुटुंब राहायचं. काका कारखान्यात वरच्या हुद्द्यावरचे इंजिनियर, आणि काकू म्हणजे काकूच. अख्खी टाउनशिप त्यांना काकूच म्हणायची, बंगाली बायकासुद्धा. त्यांच्याकडे गाडी नव्हती, काका सायकलवर जायचे. त्यामुळे गॅरेजमध्ये मराठी मंडळाची गणपतीची भांडी ठेवलेली असायची. पन्नास-शंभर माणसांचा महाप्रसाद होईल अशी पातेली, पराती, झारे. गणपती उठले की ती सगळी भांडी पुढच्या भाद्रपदापर्यंत पालथी पडून राहायची, आणि वापरात नसलेली वस्तू नजरेसमोर असली की काकूंच्या जिवाला चैन पडत नसे. समोर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाहेरगावची माणसं आपल्या पेशंटसाठी दिवसच्या दिवस बसलेली. मंडीदीपहून आलेले कामगारांचे आईबाप, लांबच्या खेड्यांतली माणसं. काकूंनी एक दिवस दोन पातेली सुलटी केली आणि भात चढवला. मंडळाच्या तीन-चार बायका मदतीला आल्या. एवढीच सुरुवात.

पण काकू पुण्याच्या. अन्न वाया गेलेलं त्यांना खपायचं नाही. म्हणून त्यांनी एक पद्धत घालून घेतली होती. सकाळी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, हातात घड्याळ घालून त्या व्हरांड्यातून एक फेरी मारायच्या. प्रत्येकाला विचारायच्या, जेवणार का, जेवलात का, किती जण आहात. बोटांच्या पेरांवर मोजत परत यायच्या आणि तेवढाच भात टाकायच्या. दुपारी पातेलं घासून बघितलं तर शीत उरलेलं नसायचं. ह्या हिशेबाचा त्यांना फार अभिमान होता.

आता माझं सांगते. मी यवतमाळकडची. लग्न होऊन भोपाळला आले त्याला फार दिवस झाले नव्हते. आमचे हे कारखान्यात टेक्निशियन म्हणून नवीनच लागलेले. क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून कोटरा सुलतानाबादला एका खोलीत राहत होतो. शेजारीपाजारी सगळे हिंदी बोलणारे. मला हिंदी यायची ती रेडिओवरची. भाजीवाल्याशी बोलायचं तरी मी आधी मनात वाक्य जुळवायची. अख्ख्या गावात एक हे सोडले तर माझं म्हणावं असं कुणी नव्हतं.

एक दिवस दुपारी ह्यांच्या खात्यातला एक माणूस स्कूटरवर खोलीवर आला. म्हणाला, भाभी, चलिये, भाईसाहब की तबीयत जरा बिगडी है. जरा म्हणजे किती, ते त्यानं सांगितलं नाही. मी पोळ्या करत बसले होते. चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी डब्यात भरली, म्हटलं हे भुकेले असतील, डबा फडक्यात बांधला आणि त्याच्या मागे बसले. पोचले तर हे खाटेवर पांढरेफटक पडलेले. मशीनवर उभे असताना रक्ताची उलटी झाली होती. पोटात जखम होती, ती आतून वाहत होती. डॉक्टर म्हणाले, तोंडानं पाण्याचा थेंब द्यायचा नाही. औषधानं थांबतंय का बघू, नाहीतर पोट उघडावं लागेल.

डब्यातल्या पोळ्या मी त्या संध्याकाळी दोन आणि दुसऱ्या दिवशी दोन अशा खाल्ल्या. खाल्ल्या कसल्या, गिळल्या. मग डबा नळावर धुतला, पुसला, फडक्यात होता तसा बांधला आणि मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू फेरीला आल्या. माझी साडी आणि कुंकू बघून मराठीतच म्हणाल्या, "जेवलात का तुम्ही?"

किती दिवसांनी परक्या माणसाच्या तोंडून मराठी ऐकत होते. जीव कसा भरून आला. आणि तोंडातून निघालं काय, तर, "हो न, जेवली मी."

"बरं," म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.

मी बघतच राहिले. बरं? एवढंच? आमच्याकडे दारात आलेला माणूस जेवून आलो म्हणाला तर त्याला कुणी जेवलेला समजत नाही. नाही म्हणायचं ही रीतच असते. समोरच्यानं म्हणायचं, काहून बाप्पा, आमच्या घरचं चालत नाही का. मग पाहुण्यानं म्हणायचं, तसं नाही हो, पण पोट भरलंय. मग घरच्या बाईनं हात धरून पाटावर बसवायचं. ह्या सगळ्यात ताट वाढून तयारच असतं. माझ्या आईनं मला पढवलं होतं, पहिल्या बोलावण्याला जो बसतो तो हावरा. आणि ह्या बाईनं एकदा विचारलं आणि चालू पडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "जेवलात का?" "हो न." "बरं." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मला आता त्यांचा राग यायला लागला होता. हॉस्पिटलच्या चहावाल्याकडचा चहा आणि पुडीतले फुटाणे एवढ्यावर मी होते. ह्यांच्या खिशात सापडले तेवढे पैसे मी औषधाला म्हणून बाजूला ठेवले होते, त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. दुपारी बाकीचे लोक उठून फाटकापलीकडे जेवायला जायचे. मी डबा मांडीवर घट्ट धरून बसायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, हिचा आहे हिच्याजवळ. वाऱ्यावर फोडणीचा वास यायचा. हिंगाचा, कढीपत्त्याचा. मी तोंड फिरवून खिडकीतून ह्यांच्याकडे बघायची. त्यांना पाणीसुद्धा नाही आणि मला वरण-भात सुचतो, ह्याची लाजही वाटायची.

औषधानं रक्त थांबलं नाही. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, आज दुपारीच ऑपरेशन करायचं, रक्त लागेल, नातेवाइकांत कोण आहे. गावी तार केली होती, पण सासरे म्हातारे, त्यांना पोचायला वेळ होता. मी म्हटलं, मी आहे. बोटातून थेंब काढून त्यांनी तपासलं, आणि जुळलं. खरं सांगते, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. नुसतं खिडकीतून बघत बसण्यापलीकडे मला काहीतरी करता येणार होतं. माझं रक्त ह्यांच्या अंगात जाणार, हे उठून बसणार, मग आम्ही कोटऱ्याच्या खोलीवर जाणार, असं सगळं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

रक्त घ्यायच्या खोलीबाहेर केरळची सिस्टर होती. तिनं विचारलं, "खाना खाया ना? खाली पेट नहीं लेते."

मी म्हटलं, "खाया."

ही मात्र रीत नव्हती. हे साफ खोटं होतं आणि मला ते चांगलं माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर तिनं मला परत पाठवलं असतं, आणि तिथे हे पडलेले. त्या दिवशी कुणी अंगातलं सगळं रक्त मागितलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं.

"डब्बा बाहर रखो," सिस्टर म्हणाली. मी इकडेतिकडे बघितलं. भात तयार झाला म्हणून जेवणाऱ्यांना हाक मारायला आलेल्या काकू तिथूनच परत चालल्या होत्या. त्यांनी थांबून हात पुढे केला. "द्या, मी धरते."

मी दिला. दुसरं काय करणार? त्यांनी डबा हातात घेतला आणि त्यांचा हात वर गेला. भरलेला डबा आहे असं समजून माणूस जेवढा जोर लावतो तेवढा त्यांनी लावला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग फडक्याची गाठ सोडली आणि झाकण काढलं. आत कोरडं ठाक. एक मुंगी फिरत होती, तीसुद्धा बिचारी उपाशीच.

"सिस्टर, रुकिये," काकू म्हणाल्या. "इसने कुछ नहीं खाया है. कई दिन से नहीं खाया है."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी लग्नाची नवी सून, त्या साहेबाच्या बायको, पण मला कशाचंही भान राहिलं नाही. मी ओरडले, "माझा नवरा तिकडे मरून राहिला आणि तुम्ही लोकांचे डबे उघडून पाहता? तुम्हाला काय करायचं आहे मी जेवली का नाही? घ्या हो सिस्टर, तुम्ही घ्या रक्त." व्हरांड्यातले सगळे वळून बघायला लागले. सिस्टरला मराठी कळत नव्हतं, पण सुई तिनं खाली ठेवली होती.

काकूंचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "तू इथे आडवी झालीस तर दोघांसाठी रक्त शोधावं लागेल. चल." आणि माझं मनगट धरलं. अहोजाहोवरून त्या अगंतुगंवर आल्या होत्या, तेही माझ्या लक्षात आलं. फाटकापर्यंत त्यांनी मला अक्षरशः ओढत नेलं. फाटकावरच्या वॉचमनच्या केबिनमध्ये फोन होता. एका हातानं माझं मनगट तसंच धरून ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी कारखान्यात काकांना फोन लावला. मला विचारून ह्यांचं खातं सांगितलं, रक्ताचा गट सांगितला, म्हणाल्या, "शिफ्ट सुटायच्या आत माणसं पाठवा. सुटल्यावर नको, लोक बसमध्ये बसून पांगतात." फोन ठेवला आणि मला गॅरेजात नेलं.

तिथे मात्र पंचाईत झाली. त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं आणि तशाच उभ्या राहिल्या. भात बरोब्बर मोजून टाकलेला. ज्यांनी हो म्हटलं होतं त्यांचा. रोज मी जेवले म्हणत होते, तर त्या पातेल्यात माझा भात कधी शिजलाच नव्हता. मी मागाहून लाज सोडून आले असते तरी माझ्या वाटणीचा घास तिथे नव्हता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांचा चेहरा असा झाला की माझा राग तिथेच निवला.

त्यांनी घरातून स्वतःचं ताट आणलं. बाकावर मला बसवलं. मीठ, लिंबाची फोड, भात, त्यावर वरण. मला विचारलं नाही, घे म्हणाल्या नाहीत, आग्रह केला नाही. फक्त म्हणाल्या, "वाढते आहे." आणि वाढत राहिल्या.

वरणात गूळ होता. आता आमच्याकडे वरणात गूळ घालणाऱ्या बाईला काय म्हणतात ते जाऊ दे. एरवी मी ते ताट सरकवलं असतं. त्या दिवशी मी बोटं चाटून खाल्लं आणि खाता खाता रडले. नाक एकीकडे, घास एकीकडे. काकू समोर उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी स्वतः काय खाल्लं, मी आजतागायत विचारलेलं नाही.

तेवढ्यात कारखान्याची जीप आली. ह्यांच्या खात्यातली पाच-सहा माणसं, तशीच तेलकट कपड्यांत, कुणी हात पुसत, कुणी टोपी खिशात कोंबत. ह्यांना नोकरीला लागून असे कितीसे दिवस झाले होते, त्यातल्या एकदोघांना तर ह्यांचं नावही धड माहीत नसेल. तीन जणांचं जुळलं, माझं घ्यायची वेळच आली नाही. एक सरदारजी होता, तो सिस्टरला म्हणाला, "बहनजी, दो बोतल ले लो, अपने पास बहुत है." ऑपरेशन संध्याकाळपर्यंत चाललं. हे वाचले. ह्यांच्या अंगात त्या दिवसापासून पंजाब आहे, मध्य प्रदेश आहे, आणि तिसरा कुठला होता कोण जाणे. मी त्या तिघांना कधी धड भेटलेसुद्धा नाही. त्यांची शिफ्ट सुटली आणि ते बसमध्ये बसून घरी गेले. पण रोज दिवा लावताना मी त्यांच्यासाठी हात जोडते, हे त्यांना माहीत नाही.

हे शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी काकू माझ्या शेजारी व्हरांड्यात येऊन बसल्या. त्यांना एक कोडं पडलं होतं. "मी तुला रोज विचारत होते. तू रोज हो म्हणत होतीस. का?"

मी सांगितलं. आमच्याकडे असं असतं. एकदा विचारल्यावर नाही म्हणायचं, पुन्हा विचारल्यावर जरा कमी जोरानं नाही म्हणायचं, मग हात धुवायचे. तुम्ही पहिल्यातच निघून जात होत्या.

मग म्हणाल्या, "आणि आमच्याकडे एकदा नाही म्हणालेल्या माणसाला परत विचारणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. मला वाटायचं, बाई मानी दिसते, हिला टोचायला नको."

आम्ही दोघी हसायला लागलो. मला हसता हसता रडूच जास्त येत होतं. ह्यांनी आतून विचारलं, काय झालं, तर काही सांगता येईना. दोन मराठी बायका, एकाच बाकावर, एकच भाषा, आणि त्यापायी मी उपाशी मेली असती.

त्या दिवसापासून काकूंची सकाळची फेरी बदलली. त्या फिरायच्या, पण विचारायच्या नाहीत. खाटा मोजायच्या. म्हणायच्या, प्रत्येक खाटेपाठी एक माणूस उपाशी असतोच, त्यानं कबूल केलं काय आणि न केलं काय. खाटांइतका भात आणि वर थोडा. उरलेलं रात्रपाळीच्या वॉचमनांना जायचं, आणि थोडं उरायला लागलं ह्याचं त्यांना पुढे पुढे काही वाटेनासं झालं. पुण्याच्या बाईला हे किती जड गेलं असेल, ते मलाच माहीत.

वर्षभरात आम्हाला टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळाला आणि मी दुसऱ्याच दिवशी गॅरेजात हजर झाले. पहिलं भांडण गुळावरून केलं. आठवडाभर आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो; आमच्यात वाढायला येणारी एक बंगालीण वहिनी पातेल्यापलीकडून निरोप पोचवायची. शेवटी वरण साधं करायचं, गुळाचा खडा ज्याला हवा त्याला बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला आमच्याकडचा ठेचा, असं ठरलं. ठेच्याला गिऱ्हाईक जास्त होतं, हे मी दर वेळी त्यांना ऐकवायची.

बाकीच्या गोष्टी आम्ही हळूहळू शिकलो. बाहेर 'मोफत भोजन' अशी पाटी कुणी तरी उत्साहानं लावली होती, ती मी पहिल्याच महिन्यात काढून चुलीत घातली. पाटी वाचून आत येणाऱ्या माणसाला आधी मान खाली घालावी लागते. आल्या आल्या पाणी द्यायचं, कारण पाणी कुणी नाकारत नाही आणि पाणी प्यायलेला माणूस बसतो. पहिल्यांदा थोडंच वाढायचं, म्हणजे पुन्हा वाढायला जवळ जाता येतं. आणि वाढणाऱ्यांपैकी एकीनं रोज त्यांच्याच ओळीत बसून जेवायचं. ही शेवटची गोष्ट काकूंची. पाहुण्यांच्या शेजारी घरचं कुणीतरी जेवतंच, असं त्या म्हणायच्या. किती लोक जेवून गेले, मोजलं नाही. फार जण परत कधी दिसले नाहीत, आणि दिसले नाहीत म्हणजे त्यांचा पेशंट बरा होऊन घरी गेला, असंच आम्ही धरून चालायचो.

पुढे काका रिटायर झाले तेव्हा त्यांना क्वार्टर सोडावा लागला. मुलं पुण्याला बोलवत होती. काकूंनी नेहरू नगरला लहानसं घर घेतलं आणि बसनं रोज यायला लागल्या. गॅरेज जाईल अशी भीती होती, पण त्या क्वार्टरमध्ये जे तमिळ कुटुंब आलं त्यांनी पहिल्याच दिवशी किल्ली माझ्या हातात दिली आणि सांबारासाठी एक पातेलं मागून घेतलं. मला ह्या गावानं काय कमी दिलं? नवरा दिला परत. भांडायला माणसं दिली. चिडून बोलले तरी दुसऱ्या दिवशी चहा देणारी माणसं दिली. आमचे हे आता लसूण सोलायला बसतात आणि एकेका पाकळीला इतका वेळ लावतात की मी वैतागते. वैतागायला ते आहेत, हे मी विसरत नाही.

आता शेवटचं. काका म्हातारपणी आजारी पडले आणि त्याच हॉस्पिटलमध्ये, त्याच वॉर्डात दाखल झाले. त्यातून ते उठले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पहिल्या दिवशी मला कळलं तेव्हा स्वयंपाक अर्धा झाला होता. तो संपवला, वाढून झालं, भांडी धुतली, आणि एक ताट झाकून घेऊन व्हरांड्यात गेले. काकू त्याच बाकावर बसल्या होत्या. साडीला इस्त्री होती. मांडीवर डबा होता.

मी पुढचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. त्या जेवले म्हणणार. एवढी मानी बाई, आयुष्यभर वाढलेली, ती उपाशी असल्याचं कसं कबूल करेल. मग मी डबा हातात घेणार, वजन बघणार, आणि बोलणार काहीच नाही, वाढणार. इतकी वर्षं हिचं फेडायचं राहिलं आहे, ते आज फेडणार. मी विचारलं नाही. शेजारी बसले आणि डब्याकडे हात नेला.

काकू म्हणाल्या, "रिकामा आहे. सकाळपासून काही खाल्लं नाही. भूक लागली आहे, वाढ."

मी हात मागे घेतला. एवढ्या वर्षांत त्या गॅरेजात इतकी माणसं जेवली, पण इतक्या सरळ आवाजात कुणी मागितलं नव्हतं. मी ताट त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी भात कालवला, एक घास खाल्ला, म्हणाल्या, "मीठ कमी आहे." होतं कमी. माझं लक्ष कुठे होतं.

दुसरा घास त्यांनी हातात घेतला आणि थांबल्या. आतल्या खाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू जेवलीस का?"

"हो न," मी म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं.

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता बरं म्हणतील आणि खायला लागतील. जन्मभर तेच केलं होतं त्यांनी. पण त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आयुष्यात एका माणसाला एक गोष्ट दोनदा न विचारलेली ती बाई माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली,

"जेवलीस का गं?"

"नाही हो काकू," मी म्हटलं. "नाही जेवली."

त्यांनी ताट आमच्या दोघींच्या मध्ये सरकवलं.